सहाशे बारा नावं आणि कोरा पडदा

देवळीच्या स्टँडवर कवडूच्या टपरीत अजूनही सांगतात की पौर्णिमा ताकसांडेनं मधुकररावांच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सोडला. कवडू चहा गाळता गाळता सांगतो, आणि गाळणी जिकडे झुकते तिकडे त्याची गोष्टही झुकते. "पोरीनं फकस्त एक उद्गारचिन्ह मारलं गा," तो म्हणतो, "आन पडद्यावरून सहाशे बारा नावं गायब! उपवर पोरं गायब, उपवर पोरी गायब, मायबापाचे फोन नंबर गायब. मधुकररावाचं तोंड असं झालं..." इथे कवडू तोंड करून दाखवतो. ते मधुकररावांचं नसतं, कवडूचंच असतं. नक्कल हे काम सगळ्यांना जमत नाही.

तर व्हायरस-बियरस काही नव्हता. दुकान सुटल्यापासून पौर्णिमा त्या दुकानाची पायरी चढली नाही की तिथल्या कीबोर्डला तिचं बोट लागलं नाही. नावही एक गायब झालं नाही. पडदा कोरा झाला एवढं मात्र खरं. तो तसा कोरा व्हावा म्हणून ती अकरा महिने दात आवळून बसली होती. व्हायरस सोडणं त्यापेक्षा सोपं गेलं असतं.

पौर्णिमा नाचणगावची. बी.एस्सी. झाल्यावर तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात एका संशोधनाच्या कामावर दीड वर्ष नोकरी लागली. पेशंटचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचे. तिथे सपना मॅडम म्हणून एक होत्या. त्यांच्या स्क्रीनवर खिडक्या नव्हत्या, रंग नव्हते, माउसला धूळ बसली होती. सगळा पडदा काळा आणि त्यावर पांढऱ्या ओळी. त्या एडिटरचं नाव व्हिम. पौर्णिमा पहिल्या दिवशी म्हणाली, "मॅडम, हे बिघडलं का काय?"

त्या काळ्या एडिटरचा एक गुण असा की त्याला फारसं काही येत नाही, आणि येत नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. यादी अनुक्रमानं लाव म्हटलं, तर येत नाही. दोन याद्या ताडून दाखव म्हटलं, तर तेही येत नाही. मग तो काय करतो, तर एक पोर जन्माला घालतो. सपना मॅडम तसंच म्हणायच्या, चाइल्ड प्रोसेस म्हणजे पोर. त्याच्या हाती सगळ्या ओळी डब्यात भरून देतो आणि म्हणतो, जा, चक्कीवर जाऊन ये. चक्की घरात नसतेच, बाहेर असते. एक चक्की नुसतं अनुक्रमाचं काम करते, एक नुसता उभा पट्टा कापून देते, एक दोन याद्या ताडते. पोर तिथे जातं, दळण घेऊन येतं, डबा एडिटरपुढे ठेवतं आणि तिथल्या तिथे संपतं. जुन्या ओळी होत्या त्या जागी दळलेल्या ओळी येऊन बसतात. आपण करायचं एवढंच, एक उद्गारचिन्ह मारायचं आणि पुढे चक्कीचं नाव लिहायचं.

पहिल्याच खेपेला पौर्णिमानं चक्कीचं नाव चुकवलं. तीनशे पेशंट गेले आणि त्यांच्या जागी एकच ओळ येऊन बसली, अशी काही कमांड नाही म्हणून. पोर रस्ता चुकून निरोप घेऊन आलं होतं आणि एडिटरनं तो निरोपच दळण समजून ओतून घेतला होता.  तिला वाटलं, तीनशे माणसांचे आजार आपण पुसले.

"यू दाब," मॅडम चहाचा कप खाली न ठेवता म्हणाल्या.

तिनं यू दाबलं आणि तीनशेच्या तीनशे पेशंट आपापल्या बीपीसकट परत आले. त्या दिवसापासून ती त्या काळ्या पडद्यावर फिदा झाली. जिथे चूक मागे घेता येते अशी जागा तिनं तोवर पाहिली नव्हती.

काम संपलं, नोकरी संपली, आणि ती देवळीत मधुकररावांच्या छपाईच्या दुकानात ऑपरेटर म्हणून बसू लागली. लग्नपत्रिका, शाळेचे पेपर, दुकानांच्या पाट्या. आणि फेब्रुवारीत मोठं काम यायचं ते उपवर वधू-वर परिचय पुस्तिकेचं. आमच्या समाजाचा मेळावा देवळीला भरतो. मायबाप पोरापोरींचे फॉर्म भरून देतात, फोटो चिकटवतात, आणि मेळाव्याच्या दिवशी पुस्तिका निघते. ती प्रकाशनापर्यंत लाल रिबिनीत बांधून ठेवायची अशी रीत आहे. पाहुणा रिबीन सोडणार, मगच लोक पानं उलटणार. तोवर आत काय छापलंय ते कोणी पाहत नाही, आणि सगळा घात त्या रिबिनीनंच झाला.

पौर्णिमानं सहाशे बारा फॉर्म आपल्या पद्धतीनं चढवले. एका माणसाची एक ओळ, ओळीत आधी फॉर्म नंबर, मग नाव, शिक्षण, नोकरी, फोन, मधे मधे उभी रेघ. चार वेळा ताडून तिनं फाईल मधुकररावांना दिली आणि मीराबाईला, म्हणजे तिच्या आईला, डोळ्याच्या ऑपरेशनला सेवाग्रामला घेऊन गेली. दोन दिवसांनी आली ती थेट मेळाव्यालाच. मंगल कार्यालयाच्या दाराशी नोंदणीच्या टेबलावर तिला बसवलं होतं. मोरपंखी साडी, पहिल्यांदाच नेसलेली.

आत टाळ्या वाजल्या, रिबीन सुटली, आणि थोड्याच वेळात आत गलका सुरू झाला.

रोशन ट्रॅक्टर चालवतो, दहावीत दोनदा अडकला. पुस्तिकेत तो एम.डी. होता आणि त्याच्या नावावर डॉक्टरीणबाईंचा फोटो होता. पुलगावच्या एका प्राध्यापकाच्या नावापुढे 'शिवणकाम, वय एकवीस' असं होतं. इथवर लोक हसले. पण पौर्णिमाच्या समोरच्या घरातली मयुरी, नर्स, लग्न व्हायचंय, तिच्या नावापुढे छापलं होतं 'घटस्फोटित, एक अपत्य'. मयुरीची आई सीताबाई ते पान हातात धरून उभी राहिली ती बसलीच नाही.  ज्या पाहुण्यांसाठी ती आली होती ते पाहुणे जेवायच्या आधीच निघून गेले.

समितीचे सचिव नागसेन सर घामाघूम. ते शाळेत विज्ञान शिकवतात आणि दंगा वाढला की आवाज अजून बारीक करतात. "आपण शांततेनं घेऊ... आपण शांततेनं..." कोणी शांततेनं घेईना. तेव्हा मधुकररावांनी माईक ओढला. माईक हातात आला की ते आधी दोनदा फुंकतात, फू फू, मग हालो म्हणतात, मग घसा खाकरतात, आणि मग कितीही घाई असली तरी म्हणतात, "पाइंट असा हाय का..."

"पाइंट असा हाय का, मंडळी, दुकानाची चूक नाई. आमची ऑपरेटर पोरगी हाय, ते पाहा दाराशी उभी. पोरीची जात, लक्ष नव्हतं तिचं. आता सहाशे पोरायचे फोटो समोर आले तं..." इथे ते थांबले. मधुकररावांना कुठे थांबायचं ते कळतं. "...सोतासाठीच पाहून राह्यली असन!"

सगळं कार्यालय हसलं. नऊशे माणसं. दाराशी मोरपंखी साडीत पौर्णिमा उभी होती आणि माणसं तिच्याकडे वळून वळून हसत होती. हसणं सरलं तसं मधुकरराव म्हणाले, "सोमवारपासून नवीन ऑपरेटर ठेवतो, बस?" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून सीताबाईनं समोरच्या घराशी बोलणं सोडलं. एकमेकींच्या घरी भाजीची वाटी जायची, ती बंद झाली. मीराबाई म्हणाली, "माणसं विसरतेत वं." पौर्णिमा म्हणाली, "मी नाई."

तिला मधुकररावाचं दुकान जळायला नको होतं, त्याचं गिऱ्हाईक तुटायला नको होतं. तिला एकच गोष्ट हवी होती. त्याच माईकवर, त्याच लोकांसमोर, त्याच तोंडानं त्यानं सांगायचं की चूक कोणाची होती. याहून कमी तिला चालणार नव्हतं.

पण आधी तिला स्वतःचीच खात्री करायची होती. चार वेळा ताडलेलं पाचव्यांदा खोटं निघू शकतं. पंधरा दिवस ती पुस्तिका आणि आपली फाईल घेऊन ओट्यावर बसली आणि मनातल्या मनात स्वतःलाच धारेवर धरत राहिली. या काळात आणि पुढचे सगळे महिनेही तिला राग गार होऊ द्यायचा नव्हता, म्हणून रोज संध्याकाळी ती गल्लीतल्या रेडिओला हाक मारायची. रेडिओ म्हणजे मीच. मला ज्याचं त्याचं बोलणं एकदा ऐकलं की येतं, त्यामुळे घरी मार बसतो आणि शाळेत टाळ्या.

"ये रेडिओ. मधुकरराव लाव."

मी लावायची. सोतासाठीच पाहून राह्यली असन. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची, म्हणायची, "पुन्हा कर." मी पुन्हा करायची.

एके दिवशी मला कंटाळा आला. शेपटीचा तुकडा किती दिवस वाजवायचा? मी सगळं भाषणच सुरुवातीपासून लावलं, रिबीन सुटायच्या आधीचं. तेव्हा पौर्णिमा बाहेर टेबलावर होती, तिनं ते ऐकलंच नव्हतं.

"फू, फू. हालो. पाइंट असा हाय का, मंडळी, पुस्तक म्हंजे निस्तं छापणं नसते. नावं अनुक्रमानं पाह्यजेत का नाई? तं म्या सोता, शेवटच्या दिवशी, या हातानं, सहाशे बारा नावं अ पासून ज्ञ परेंत लावून देल्ली! माह्या ऑपरेटरले जमलं नसतं ते म्या केलं!"

"थांब," पौर्णिमा म्हणाली. "काय म्हणला तो?"

मी परत केलं, टाळ्यांसकट.

तिनं पुस्तिका उघडली, नावांवरून बोट खाली नेलं. अंकित, अजय, अनिता... नावं सरळ रांगेत. तिच्या फाईलमध्ये यादी फॉर्म नंबरानं होती. मग तिनं फोन नंबरांवरून बोट नेलं, आणि पहिल्यांदा पंधरा दिवसांत हसली. ते हसणं चांगलं नव्हतं.

मधुकररावांनी काय केलं ते तिला ओट्यावर बसल्या बसल्या दिसलं. त्यांनी तिची फाईल चौकटीवाल्या तक्त्यात उघडली, नावांचा एक उभा रकाना तेवढा धरला आणि अनुक्रमानं लाव म्हणून बटण दाबलं. नावं उठून आपापल्या नव्या जागी जाऊन बसली. शिक्षण, नोकरी, फोन, फोटो होते तिथेच राहिले. सहाशे बारा माणसं उठली आणि दुसऱ्यांच्या ताटावर जाऊन बसली.

"तं जा ना, सांग सगळ्यायले," मी म्हटलं.

"मी सांगून काय होते? ऑपरेटर पोरगी हाय मी. लक्ष नसते माह्यं." मग म्हणाली, "त्यायले डोळ्यानं दिसलं पाह्यजे."

मग सुरू झालं ते काम. तिच्या जुन्या लॅपटॉपवर तिनं छापील पुस्तिका पुन्हा टाईप केली, जशी छापली तशी, चुकांसकट. सहाशे बारा ओळी. एका बाजूला तिची खरी फाईल, दुसऱ्या बाजूला छापलेली. मग तिनं खऱ्या फाईलमधून नावांचा उभा पट्टा कापायला एक पोर पाठवलं. त्यानं तो आणला, की तोच पट्टा अनुक्रम लावायला दुसरं पोर. आणि शेवटचं पोर दोन याद्या ताडणाऱ्या चक्कीवर, जा आणि पुस्तिकेतली नावं आणि ही नावं, फरक असेल तेवढाच घेऊन ये. फरक नसेल तर रिकाम्या हातानं ये.

पोर नऊ ओळी घेऊन आलं.

नऊ नावं जुळत नव्हती. दोन महिने त्या नऊ नावांनी तिचा जीव खाल्ला. नऊ जागी आपणच चुकलो असू तर? नऊ तर नऊ, मधुकरराव माईकवर म्हणतील, पाहा, नऊ. मग तिनं सपना मॅडमना फोन लावला. मॅडमनी विचारलं, "पोराला घरातून निघताना कोणती भाषा दिलीस?" अनुक्रम लावणारी चक्की आपल्या मनानं चालत नाही. पोर घरून जी भाषा घेऊन निघतं तिच्याप्रमाणे ती अक्षरं लावते, आणि पौर्णिमाच्या लॅपटॉपच्या घरात इंग्रजी लावलेली होती. तिनं घराची भाषा मराठी केली आणि पुन्हा पाठवलं. पोर आलं. पडदा कोरा. एकही ओळ नाही.

मग फोन नंबरांचा पट्टा पाठवला, अनुक्रम न लावता, जसा फाईलमध्ये होता तसा. परत कोरा. म्हणजे नावं हलली होती आणि नंबर हलले नव्हते.

"आता?" मी विचारलं.

"आता जानेवारी," ती म्हणाली.

यंदाचा मेळावा जानेवारीत होता. नागसेन सर तिच्याकडे आले ते चोरासारखे, गल्लीच्या मागच्या टोकानं. छपाई यंदाही मधुकररावांकडेच होती, पण ऐनवेळी जे लोक येतात त्यांची जागेवरची नोंदणी करून यादी पडद्यावर दाखवायची होती, आणि लॅपटॉपवर बसायला कोणी मिळत नव्हतं.

"मले पाच मिनिटं माईक द्या, सर," पौर्णिमा म्हणाली.

"मधुकररावांना दुखवता येत नाही गं, पुस्तिका त्यांच्याच दुकानात अडकली आहे. आपण शांततेनं..."

"तं मग पडद्याचं एक वचन द्या. माह्या पडद्याचं बटण कोणी बंद करणार नाई."

सरांना यात काही अवघड वाटलं नाही. त्यांनी वचन दिलं.

आदल्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, मधुकरराव चूक कबूल करतील आणि तू विरघळशील. माणूस माईकवर रडवेला झाला की तुझ्यानं पाहवणार नाही, तू 'जाऊ द्या भाऊ' म्हणशील. ती म्हणाली, "लाव पैज." ती 'जाऊ द्या' म्हणाली तर महिनाभर लॅपटॉप माझा. नाही म्हणाली तर महिनाभर मी कोणाचीच नक्कल करायची नाही. मी हसत हसत हातावर हात मारला. आमच्या गल्लीत पौर्णिमाइतकं मऊ कोणी नव्हतं, मांजर व्यायली तर तिच्यासाठी दूध ठेवणारी.

मेळावा भरला. त्रिशरण पंचशील झालं, पाहुणे झाले, रिबीन सुटली. यंदाची पुस्तिका ठीक होती. तेवढ्यानं मधुकररावांनी गप्प बसायचं, तर ते मधुकरराव कसले.

"फू फू. हालो. पाइंट असा हाय का, मंडळी, यंदा पुस्तक चोख हाय. काऊन चोख हाय? कारन मागच्या वर्षीची ऑपरेटर यंदा दुकानात नाई!" थांबले. "थे पाहा तिथं बसली हाय. यंदा तरी भेटला का गं कोणी?"

हसले लोक. मागच्या वर्षीइतके नाही, पण हसले. पहिल्या रांगेत सीताबाई बसली होती, ती हसली नाही, तिनं पदर तोंडाशी धरला.

पौर्णिमानं मान वर केली नाही. तिनं उद्गारचिन्ह मारलं. पडद्यावर जागेवरच्या नोंदणीच्या ठिकाणी काळा रंग आला आणि मागच्या वर्षीची सहाशे बारा नावं आली, फॉर्म नंबरानं. मग ती सरसर हलली आणि अ पासून लागली.

"हे काय चाललं?" कोणीतरी म्हणालं.

"सर," पौर्णिमा उभी राहून म्हणाली, माईकशिवाय, पण आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "मागच्या वर्षीचं पुस्तक ताडून दाखवतो. मी चढवलं थे, आन भाऊनं छापलं थे. दोन्हीत फरक असन तं पडद्यावर ओळी येतीन. फरक नसन तं पडदा कोरा होईन."

"बंद करा थो पडदा!" मधुकरराव म्हणाले.

नागसेन सर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "वचन दिलं आहे," ते पुटपुटले, आणि बटणाजवळ जाऊन उभे राहिले, पाठीनं ते झाकून.

पौर्णिमानं पोर पाठवलं. पडद्यावरची सहाशे बारा नावं एका झटक्यात गेली.

मधुकरराव माईकमध्ये ओरडलेच. "पाहा! उडवली यादी! पाहा, मंडळी, मागच्या वर्षी असंच केलं हिनं!"

"नाई भाऊ. कोरा म्हंजे फरक नाई. म्या देल्लेली नावं अ पासून लावली का तुमचं पुस्तक तयार होते." तिनं यू दाबलं. नावं परत आली. मग तिनं फोन नंबर आणले, अनुक्रम न लावता, तसेच पाठवले. पडदा पुन्हा कोरा. "आन हे नंबर कोणी हलवले नाई. माह्या फाईलमधे होते तसेच छापले. फकस्त नावं उठून बसली. मयुरीच्या नावाले दुसरीच्या संसाराचा रकाना लागला तो असा लागला."



"तं नावं कोणी लावली?" मागून कोणीतरी विचारलं.

पौर्णिमानं एकच ओळ टाईप केली. मोठ्या अक्षरात पडद्यावर आली: 'म्या सोता, शेवटच्या दिवशी, या हातानं, सहाशे बारा नावं अ पासून ज्ञ परेंत लावून देल्ली.'

दुसऱ्या रांगेतले महादेवराव, निवृत्त पटवारी, काठीवर हात ठेवून उठले. "म्हणले होते," ते म्हणाले. "मले आठवते. म्या टाळी वाजवलती."

"म्यापण वाजवलती," आणखी एकजण म्हणाला.

मधुकररावांनी माईक या हातातून त्या हातात घेतला. "पाइंट असा हाय का... मशिनीनं केलं असन. मशिनीचं असते असं, कवा कवा..."

"मशिनीचं नाव सांगा भाऊ," सीताबाई बसल्या जागेवरून म्हणाली. अकरा महिन्यांत त्या विषयावर तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "फोटो छापा तिचा. घटस्फोटित हाय का कुमारिका, थेही लिहा."

आता जे हसू उठलं ते मागच्या वर्षीपेक्षा मोठं होतं. आणि ते दाराकडे वळलं नाही, मंचाकडे गेलं. मधुकरराव मधोमध उभे, हातात माईक, पळायला वाट नाही. एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला पडदा, आणि पडद्यावर त्यांचंच वाक्य.

"बरं," ते म्हणाले. "नावं म्या लावली. चूक माही हाय."

"मागच्या रांगेत ऐकू नाई आलं," पौर्णिमा म्हणाली. "मागच्या वर्षी आलं होतं."

"चूक माही हाय!"

"आन लक्ष?"

"आँ?"

"माह्यं लक्ष नव्हतं म्हणले होते तुम्ही. कोणाचं नव्हतं?"

मधुकररावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "लक्ष... माह्यं नव्हतं."

टाळ्या वाजल्या. महादेवरावांनी पुन्हा वाजवल्या, यंदा योग्य ठिकाणी.

जेवणं सुरू झाली तेव्हा मधुकरराव तिच्या टेबलाशी आले. डोळे लाल, आवाज अर्धा. माईकशिवाय त्यांचा आवाज केवढासा आहे ते मला त्या दिवशी कळलं. "झालं ना पोरी? नऊशे लोकायसमोर नाक घासलं. आता जाऊ दे. सोमवारपासून दुकानात येजो, खुर्ची तुयीच हाय."

मी मागेच उभी होते. मला लॅपटॉप दिसत होता, महिनाभर. पौर्णिमाचा चेहरा मऊ झाला तसं मला वाटलं. तिनं लॅपटॉपच्या एका बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"हे पाहा भाऊ, हे बटण दाबलं का यादी मागं जाते, जशी होती तशी. तुमच्यासाठी असं बटण नाई माह्यापाशी." मग झाकण लावलं. "आन सोमवारी जमत नाई. तुमच्या समोरचा गाळा मी घेतला, सोमवारी त्याची पाटी लागते. मी आता सोतासाठीच पाहून राह्यली हाय."

ते शेवटचं वाक्य तिनं त्यांच्याच सुरात म्हटलं, थांबायच्या जागेसकट. मी अकरा महिने शिकवलेली ती चाल होती.

मी पैज हरले. महिनाभर कोणाची नक्कल नाही. कवडूची नाही, नागसेन सरांची नाही, वर्गातल्या बाईंची नाही, माझं तोंड नुसतं चहा प्यायला उरलं. एक सूट मात्र पौर्णिमानं स्वतःहून दिली. संध्याकाळी ती गाळा बंद करून येते, ओट्यावर बसते, पाय लांब करते.

"ये रेडिओ. लाव."

"फू फू. हालो. चूक माही हाय. लक्ष... माह्यं नव्हतं."

"पुन्हा कर," ती म्हणते.